मिल्या, तो ब्रश माझा होता

मिल्या, तू माझा पुढचा दात पाडलास ती आपली पहिली भेट, आणि मी तुझा जबडा फोडला ती शेवटची. मधल्या काळात आपण एकमेकांना किती वेळा हाणलं ते देवाला ठाऊक. जबड्यानंतर दहा महिने एक शब्द बोललो नाही, आणि आता तू मेलास. माझ्याशी न बोलता मेलास. लई राग आलाय मला तुझा. मयतीत माणसाला असा राग येतो का, माहीत नाही. तुला चितेवर ठेवलं तेव्हा माझ्या मनात एकच होतं, ऊठ, मला दोन हाण, मग काय जायचं ते जा. तू उठला नाहीस. जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस, तर आता कशाला ऐकशील.

काल देवणीला तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माझा वरचा ओठ फाटलाय, दोन टाके पडलेत, भाजीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी येतं. ओठ कसा फाटला ते तुला सांगायचं आहे. पण ते मधूनच सांगता येत नाही. आधीपासून सांगावं लागतं.

आधी म्हणजे उदगीरचा स्टँड. मी कंधारचा, खताच्या दुकानात कामाला, मालकाचा निरोप घेऊन देवणीला निघालो होतो. गाडी लागली, मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आत जाऊन बघतो तर रुमाल पायाखाली आणि जागेवर एक बाई पिशवी घेऊन बसलेली. मी म्हणालो, उठवा हो या म्हातारीला. एवढंच म्हणालो. पुढचं मला आठवतं ते थेट फलाटावरचं, तोंडात रक्त आणि जिभेवर दाताचा तुकडा. मी बी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो, तुझं कानशील सुजवलंच. पण खरा मार तू खाल्लास तो तुझ्या मायचा. ती म्हातारी गाडीतून उतरली, पायातली काढली आणि साऱ्या स्टँडसमोर तुझ्या पाठीत चार हाणल्या. म्हणाली, जागा त्याची व्हती, रुमाल त्याचा व्हता, तू कोण रं लागून गेलास? मग मला तिच्या पदरानं तोंड पुसायला लावलं. तुझ्या घरात न्याय असा रोख मिळतो हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी विसरलो.

गफूरभाईनं हे सगळं चहाच्या गाड्यावरून बघितलं. गफूरभाई म्हणजे उदगीरचे फरशी बसवणारे, ग्रॅनाईट घासून आरशासारखा करणारा माणूस. त्यांनी मोबाईलवर एक खेळ बघितला होता आणि तो त्यांच्या डोक्यात बसला होता. बर्फावर वीस किलोचा दगड सरकवायचा. चौघांतल्या दोघांनी ब्रश घेऊन दगडाच्या पुढं बर्फ घासत पळायचं, म्हणजे दगड लांब जातो. पलीकडं गोल आखलेला असतो, ज्याचा दगड मध्याच्या जवळ त्याचा गुण. कर्लिंग म्हणतात. गफूरभाईचं म्हणणं असं की आख्ख्या महाराष्ट्रात हा खेळ कुणाला येत नाही, म्हणून राज्याच्या संघात आपला नंबर लागेल, तिथून राष्ट्रीय स्पर्धा, तिथं पदक, आणि पदकावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. आपण दोघं रक्त थुंकत बसलो होतो आणि हा माणूस आपल्याला बर्फाचं सांगत होता. तू म्हणालास, चाचा, इथं बर्फ फकस्त रसवंतीत भेटतो. ते म्हणाले, म्हणूनच.

दगड कुठून आणायचे? तू म्हणालास, जातं. जात्याची वरची पाळ, गोल, जड, वर धरायला लाकडी खुंटा. गिरणीवर दळण जायला लागल्यापासून जाती दारामागं पडून होतीच. पहिलं जातं तुझ्या मायनं दिलं. देताना म्हणाली, ह्याच्यावर मी तुम्हा दोघा भावंडांला वाढवलं, फोडू नका. गफूरभाईनं जात्याचा तळ घासून गुळगुळीत केला. त्यांनीच बसवलेल्या मंगल कार्यालयाच्या ग्रॅनाईटवर, लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी, आपण कॅरमची पावडर टाकायचो आणि जातं सोडायचो. तू आणि मी घासणारे. गफूरभाई शेवटचा दगड टाकायचे, आणि तो कुठं टाकायचा ते पलीकडून बाल्या दाखवायचा. बाल्या निलंग्याचा, आपल्यात वयानं मोठा, भरतीच्या वयाचं त्याचं शेवटचं वर्ष. पुढं तुझी धाकटी बहीण प्रज्ञा आणि तिच्या तीन मैत्रिणी आल्या, तो बायांचा संघ झाला. त्या आपल्यापेक्षा बऱ्या खेळायच्या. तुला ते कबूल नव्हतं, मला बी.

त्या फरशीवर आपल्याला एक खोड लागली. पावडर दगडाच्या अगदी तोंडाशी घासली तरच जातं सरकायचं, म्हणून आपण ब्रश दगडाला चिकटवून पळायचो, आणि ब्रश दगडाला लागायचाच. खऱ्या खेळात चालत्या दगडाला ब्रश लागला की तो दगड जळाला म्हणतात, तो उचलून बाहेर ठेवतात. ज्याचा लागला त्यानं स्वतः हात वर करून सांगायचं. पंच विचारत नसतो. गफूरभाईनं हे सांगितलं होतं, पण फरशीवर दर दुसरा दगड जळायला लागल्यावर तेच म्हणाले, जाने दो, लागला तर लागला, चालू ठेवा. आपण सगळ्यांनी सोडून दिलं. तू नाही. तुझा ब्रश लागला की तू थांबायचास, हात वर, माझा लागला. सगळे शिव्या द्यायचे. बाल्यानं एकदा त्यावरून तुझी गचांडी धरली आणि तू त्याला नवरा-नवरीच्या सोफ्यावर आपटलास. सोफ्याचा पाय मोडला. त्या पायासाठी आपण महिनाभर कार्यालयाचे मंडप बांधले.

मी विचारलं होतं तुला, एवढं काय रे त्यात? तू जात्यावर बसला होतास. म्हणालास, "गोंद्या, कुणी बघून राहिलं न्हाई आन् तरी सांगायचं. असला खेळ मी दुसरा बघितला न्हाई. बाकी जगात मला समदे बघूनच राहिलेत."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. लागला तो त्या लग्नाच्या दिवशी. आपण आदल्या दिवसाच्या सरावाचं सामान आवरत होतो, वऱ्हाडातलं एक पोरगं प्रज्ञाच्या हातातला ब्रश बघून म्हणालं, तुम्ही लोक झाडू मारायलाच जन्मले की. तुम्ही लोक. मी ऐकलं, गफूरभाईनं ऐकलं, आणि आम्ही खाली बघितलं, कारण दुसऱ्याचं लग्न होतं. तू त्याला प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीत घातलंस. थप्पी कोसळली, तू वरून लाथा घालत राहिलास, चार जणांनी ओढलं तेव्हा तो सुटला. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मुठीत त्याच्या शर्टाचा खिसा. त्या दिवशी मी तुझ्या बाजूनं एक बी फटका मारला नाही. हे बी तुला कधी बोललो नाही, आता बोलून टाकतो.

नांदेडला निवड झाली. एका मोठ्या हॉलमधल्या फरशीवर, आणि खरंच आपल्यासारखे वेडे कमीच होते. गफूरभाईचा हिशेब बरोबर निघाला, दोन्ही संघ आपलेच लागले. राष्ट्रीय स्पर्धा काश्मिरात होती, तिथं पोचेपर्यंत गाडीत तू दोन भांडणं केलीस, एक जागेवरून आणि एक चहात पाणी आहे म्हणून. पण बर्फ बघितल्यावर तू गप झालास. पहिला खरा दगड सोडला तेव्हा तो थांबेचना. आपल्या जात्याच्या हिशेबानं आपण जोर लावला होता, तो गोलातून पार पलीकडं गेला आणि तू त्याच्यामागं हसत पळत गेलास, पाय घसरून पडलास, पडून हसत राहिलास. रात्री माझे पाय काळेनिळे झाले होते. तू पोटावरचा सदरा वर केलास आणि माझे पाय पोटाला लावून बसलास. थंडीनं तुझे दात वाजत होते आणि तोंडानं मला शिव्या चालू होत्या. माझ्या सख्ख्या भावानं असं केलं नसतं, मिल्या. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

सामन्याआधी समोरच्या चौघांशी हात मिळवायचा असतो, चांगला खेळ होऊ दे म्हणायचं असतं. तुला ते लई आवडलं. तू दोन्ही हातांनी हात धरायचास. आपल्या बायांचा संघ लवकर बाहेर पडला, पुरुषांत आपण कसेबसे तिसऱ्या जागेच्या सामन्यापर्यंत आलो. पलीकडच्या पट्टीवर प्रज्ञाचा संघ खालच्या नंबरासाठी खेळत होता. आपला शेवटचा दगड उरला. गफूरभाईनं सोडला आणि सोडतानाच मला कळलं की हा बसणार. तू डाव्या बाजूला, मी उजव्या. बाल्या पलीकडून ओरडत होता, घासा, घासा. मी घासत होतो मंगल कार्यालयात घासायचो तसाच, दगडाच्या तोंडाशी चिकटून.

माझा ब्रश लागला. कचकन नाही, नुसता शिवला, मनगटात बारीक झिणझिणी आली. दगड जाऊन बरोबर मध्यावर बसला. बाल्यानं उडी मारली. मी तुझ्याकडं बघितलं आणि तू माझ्याकडं बघत होतास.

तू थांबलास. किती वेळ, मला सांगता येणार नाही. समोरचे चौघं अजून दगडांकडंच बघत होते. तू नुसता माझ्या हाताकडं बघत होतास, की हा आता वर जाईल. आपल्यातल्यानं आपल्यातल्याचं नाव घ्यायचं नसतं, ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं, एवढा नियम तू पाळत होतास. माझ्या डोक्यात बाल्याचं वय होतं, माझ्या मालकाचं दुकान होतं, दिवसभर युरियाची पोती उचलून रात्री न सरळ होणारी पाठ होती. माझा हात ब्रशला धरून राहिला. मग तुझा वर गेला. तू म्हणालास, "माझा लागला."

दगड उचलला. आपण हरलो. तू समोरच्या चौघांशी दोन्ही हातांनी हात मिळवलास.

चहाच्या टपरीमागं मी तुला गाठलं. मी ब्रशचा दांडा धरून तुझ्या तोंडावर मारला. तू बर्फात बसलास. मी परत मारला, गालावर, कानावर, खांद्यावर, आणि प्रत्येक फटक्याला ओरडत होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की तू आमच्या पोटावर पाय दिलास, चौघांची नोकरी खाल्लीस. मला माहीत होतं ब्रश कुणाचा. माहीत होतं म्हणून तर एवढ्या जोरात मारत होतो. तू, ज्यानं चहात पाणी म्हणून गाडीत माणसाला हाणलं, त्या तू एकदाही हात उचलला नाहीस. तुझ्या जबड्याचा आवाज झाला तेव्हा बाल्यानं आणि दुसऱ्या संघातल्या दोघांनी मला मागं ओढलं. बर्फावर रक्त लई लाल दिसतं. तू तोंड धरून एवढंच विचारलंस, "झालं का?"

येताना तू दुसऱ्या डब्यात बसलास. प्रज्ञा काहीतरी बोलायला उठली तर तू तिच्या कानाखाली वाजवलीस. मी दारातून बघितलं. तू तिच्यावर कधी हात उचलला नव्हतास. मला वाटलं, ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी तेच चौघांना सांगत बी सुटलो.

पुढचं तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सगळीकडं झालं की मिल्यानं घोळ घातला. बाल्या निलंग्यापासून उदगीरपर्यंत तुझ्या नावानं खडे फोडत फिरला, त्याचं वय निघून गेलं. गफूरभाईनं मंगल कार्यालयाची किल्ली तुझ्याकडून परत घेतली. तुझ्या गल्लीतली पोरं तुझा सुजलेला चेहरा बघून म्हणाली, केस कर त्या गोंद्यावर. कोणती केस, ते मला बी कळतं आणि तुला बी. मी आत गेलो असतो. तू म्हणालास, दोघा दोस्तांचं भांडण हाय, तुम्ही मधी पडू नका. हे मला दुसऱ्यांकडून कळलं आणि मी त्या रात्री पोटभर जेवलो. असला माणूस आहे मी.

तू एकदा आला होतास. श्रावणात, कंधारला, दुकानासमोर. गाडी बंद केलीस, वर बसून राहिलास. आत आला नाहीस, हाक मारली नाहीस. मी काट्यावर पोतं ठेवलं, उतरवलं, परत ठेवलं. गिऱ्हाईक म्हणालं, अहो झालं की वजन. तू बर्फात बघितलं होतंस तसा बघत होतास. मग किक मारलीस आणि गेलास. तुझ्याशी मला भांडायचं आहे ते इथंच. आत यायचं होतंस, मिल्या. गचांडी धरायची होतीस, खतात लोळवायचं होतंस मला, मी कबूल केलं असतं. पहिल्या फटक्याला केलं असतं. खुर्च्यांच्या थप्पीतल्या त्या पोराला तू सोडलं नाहीस, मग मलाच का सोडलंस? ज्याचं त्यानं सांगायचं असतं, असं तुझं म्हणणं. पण माणूस सांगत नाही रे. माणसाला हाणावं लागतं.

देवणीच्या बाजारात वळू सुटला. तू तिथं जनावरं टेम्पोत चढवायच्या कामाला होतास. वळू तुझा नव्हता, मालक म्हशीच्या रांगेमागं पळून गेला होता. बायका ओरडत होत्या, एक भाजीवाली पडली होती. कुणीतरी ओरडलं, कुणाचा हाय रे ह्यो वळू? तू म्हणालास म्हणे, माझा हाय, सरका. मला हे सांगणाऱ्याला वाटलं की तुझा वळू होता. मी हसलो, मिल्या. मयतीची बातमी ऐकून मी हसलो, आणि मग दुकानातल्या लोखंडी रॅकवर मूठ मारली, ती अजून नीट उघडत नाही. तू वेसण धरलीस. त्यानं तुला टेम्पोच्या फाळक्यावर दाबलं, मागं सरला आणि परत दाबलं. तीन वेळा. तू वेसण सोडली नाहीस म्हणून भाजीवाली जगली. उदगीरला नेईपर्यंत तू संपला होतास.

स्मशानात मी लांब उभा होतो. प्रज्ञा माझ्याकडं आली. पांढऱ्या साडीत, डोळे कोरडे. म्हणाली, "मी बाजूच्या पट्टीवर व्हते. तुझा ब्रश मी बघितला."

ती म्हणाली, दादानं मला मायची शपथ घातली व्हती, म्हणून मी गप बसले. गाडीत ती तेच बोलायला उठली होती, तू त्यासाठी मारलीस तिला. मी म्हणालो, आता सांग, सगळ्यांना सांग. ती म्हणाली, मी न्हाई सांगणार. तूच सांग. एवढं बोलून ती मायला धरायला गेली.

मग नऊ दिवस मी ठरवत होतो. कंधारच्या स्टँडवर तीनदा जाऊन परत आलो. खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं की आता तर मिल्या बी नाही, प्रज्ञा सांगणार नाही, कुणाला कळतंय. आणि कळलं तर? बाल्या जीव घेईल. गफूरभाईला तोंड दाखवता येणार नाही. त्याहून मायचं भ्या वाटत होतं. तरी काल गेलो.

तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या. फोटो जबड्याच्या आधीचा निवडलाय, सरळ चेहऱ्याचा. वंदना झाली. पंचशील सगळे म्हणत होते, मी नुसता उभा होतो, आणि चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. पुढचं मला ऐकू आलं नाही. मग लोक बोलायला उठले. बाल्या उठला. तो चांगलं बोलायला आला होता रे. म्हणाला, मिलिंदचा ब्रश लागला आन् आमचं नुकसान झालं, मी त्याला लई शिव्या दिल्या, पण त्यानं कबूल केलं, तेवढं कबूल करायला बी छाती लागते, मी त्याला माफ केलं. माफ केलं म्हणाला. तुला. माय खाली बघत मान हलवत होती.

मी हात वर केला. बसलेल्या जागेवरून उठलो आणि हात वर केला, बर्फावर जसा करायचा असतो तसा. सगळे बघायला लागले. मी म्हणालो, "तो ब्रश माझा होता. मिल्याचा लागलाच नव्हता. माझा लागला."

बाल्यानं मधली माणसं कशी ओलांडली ते मी बघितलं नाही. पहिला ठोसा ओठावर, दुसरा डोळ्यावर, मग मी खाली आणि त्याच्या लाथा. तो ओरडत होता, वरीसभर मी त्याला शिव्या घातल्या रं, मेलेल्या माणसाला मी माफी देऊन राहिलो, आन् तू बसून ऐकलंस. मी हात खाली ठेवले. तुझ्यासारखं करायचं होतं मला, पण दुखायला लागलं की हात वर जायचेच. तुझ्यासारखं नाही जमलं. गफूरभाईनं त्याला ओढलं. माझ्याकडं त्यांनी बघितलं सुद्धा नाही.

मग माय उठली. तिच्यासाठी वाट झाली. मी तोंड पुसलं नाही, तसाच तिच्यासमोर गुडघ्यावर राहिलो. मला वाटलं, आता ती पायातली काढेल. मला ती पाहिजे होती, मिल्या. स्टँडवर तुला बसल्या तशा चार, साऱ्या देवणीसमोर. बसल्या असत्या तर मी उठून घरी जाऊ शकलो असतो.

तिनं पायातली काढली नाही. ती माझ्यासमोर खाली बसली, हळू विचारलं, म्हंजी माझ्या लेकानं खेळ हारवला नव्हता? मी म्हणालो, न्हाई माय. तिनं तुझ्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, "मी वरीसभर त्याला ताट वाढताना बोलले. रोज बोलले. चार घरची भाकर घालवलीस म्हनले. त्यो खाली बघून जेवायचा." आणि मग, "जित्ता असताना का न्हाई रं सांगितलंस मला?"

तू रोज ते ताट कसं गिळलंस, हे मला विचारायचं आहे, आणि विचारायला तू नाहीस.

प्रज्ञाच्या संघाला पुढच्या आठवड्यात परत काश्मिरात जायचं आहे. आज सकाळी उदगीरच्या मंगल कार्यालयात त्यांचा सराव होता. मला कुणी बोलावलं नव्हतं. ओठाला टाके घेऊन मी जाऊन दारात उभा राहिलो. गफूरभाई पावडर टाकत होते, त्यांनी मला जा म्हणून सांगितलं नाही. त्यांच्यातल्या एका पोरीला ताप होता, घासायला एक कमी होती. प्रज्ञानं भिंतीला टेकवलेला ब्रश माझ्याकडं सरकवला. तुझा होता, दांड्यावर तुझी काळी चिकटपट्टी अजून तशीच आहे.

दगड सोडला. मायचंच जातं. मी घासत पळालो, आणि जुन्या खोडीनं ब्रश दगडाला शिवला. इथं कुणी काही म्हणत नाही, लागला तर लागला, तुला माहीत आहे. दगड जाऊन गोलात बसला, पोरी टाळ्या वाजवायला लागल्या.

मी थांबलो. हात वर केला. म्हणालो, माझा लागला.

टाळ्या थांबल्या. प्रज्ञा आली, खाली वाकून खुंट्याला धरून जातं उचललं आणि गोलाच्या बाहेर ठेवलं.